त्यांनी पुन्हा प्रश्न विचारला नाही

पत्र

ताई, मी 31 वर्षांचा आहे. सहा वर्षं मुंबईत मालिकांमध्ये असिस्टंट म्हणून काम केलं. यंदा मामांनी पैसे घातले आणि मी पहिला मराठी सिनेमा सुरू केला. एकूण 22 दिवसांचं शूटिंग. त्यातले 11 दिवस सप्टेंबरअखेर आमच्या गावी, कराडजवळ झाले. उसाच्या कडेला एक जुनं घर आहे, बहुतेक सिनेमा तिथंच घडतो. उरलेले 11 दिवस डिसेंबरच्या मध्यावर आहेत. आमच्या कॅमेरामन दादांना 25 वर्षांचा अनुभव. ते म्हणायचे, 'असं घेऊ', मी म्हणायचो, 'घेऊ'. परवा एडिटरकडे बसून सगळे रशेस, म्हणजे न कापलेलं सगळं शूटिंग, पाहिलं. दिसायला सुंदर आहेत, पण हा मी लिहिलेला सिनेमा नाही. चौथ्या दिवशी मुख्य भूमिका करणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, 'मी दारातच का थांबते? आत का जात नाही?' मला उत्तर सुचलं नाही. 'तुम्हाला वाटेल तसं करा' म्हणालो. त्यानंतर त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या शेड्यूलआधी कॅमेरामन बदलू का? आणि हे काम मला जमण्यातलं आहे का, ते खरं सांगा.

उत्तर

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी चार वेळा वाचलं. कॅमेरामनबद्दलचं नव्हे. 'त्यानंतर त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही', हे. 11 दिवसांत तुझ्या सेटवर जे बिघडलं ते त्या एका वाक्यात आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

पण आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कॅमेरामन बदलू नकोस. अर्धा सिनेमा एका नजरेने आणि अर्धा दुसऱ्या नजरेने टिपला गेला, की तो सांधा डीआयमध्ये, म्हणजे शेवटी संगणकावर, रंग कितीही जुळवले तरी लपत नाही. आणि मुख्य म्हणजे, दादांनी तुझा सिनेमा पळवलेला नाही. सेटवर पन्नास-साठ माणसं उभी असतात, जनरेटर चालू असतो, ऊन सरकत असतं. अशा ठिकाणी दिग्दर्शकाची जागा रिकामी राहिली तर ती मिनिटभरसुद्धा रिकामी राहत नाही. ज्याला सवय आहे तो बोलतो आणि काम पुढे जातं. दादा बोलले म्हणून तुझे अकराही दिवस पूर्ण झाले. त्यांच्यावर राग धरू नकोस.

ही रिकामी जागा मला ठाऊक आहे, कारण माझ्या पहिल्या सिनेमात मी ती स्वतः निर्माण केली होती.

वाईजवळच्या एका वाड्यात आमचं शूटिंग चालू होतं. सहावा दिवस. सीन असा: मुलाने घरातला आपला हिस्सा परस्पर विकलाय हे आईला कळतं. बातमी सांगायला शेजारचा माणूस आलाय, ती पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसलीय. माझ्या डोक्यात माजघरातून पडवीपर्यंत येणारी, रुळांवरून सरकणारी कॅमेऱ्याची ट्रॉली होती. महिनाभर तोच शॉट मनात घोळवत होते. सकाळी सात वाजता तालीम केली. आईचं काम करणाऱ्या बाईंनी बातमी ऐकली आणि हात थांबवले नाहीत. उलट खडे वेचण्याचा वेग थोडा वाढला. शेजारी बोलत राहिला, त्या वेचत राहिल्या. माझ्या अंगावर काटा आला. मी म्हणाले, "छान! आता ट्रॉली लावू या."

सारवलेली जमीन, कुठे उंच कुठे खोल. रुळांखाली पाचरी मारता मारता दुपार झाली. जेवणानंतर सहा टेक झाले. तेव्हा आम्ही फिल्मच्या निगेटिव्हवर शूट करत होतो. 400 फुटांचा डबा साडेचार मिनिटांच्या आतच संपायचा, त्यामुळे सहा टेक म्हणजे मोठी उधळपट्टी. बाईंनी सहाही वेळा बिनचूक तेच केलं, पण आता ते फक्त 'करणं' उरलं होतं. संध्याकाळी साडेपाचला आमचे कॅमेरामन उंबऱ्यावर कॅमेरा ठेवून म्हणाले, "पंधरा मिनिटं उजेड आहे. एक स्थिर घेऊन ठेवू का?" मी थकून हो म्हटलं. सिनेमात आज जे आहे ते तेवढंच आहे: चाळीसेक सेकंद, सूप आणि हात. ट्रॉलीचा एक फूटही वापरला नाही.

ट्रॉली लावणं चूक होतं असं मला म्हणायचं नाही. त्या दिवशीची चूक वेगळी होती. हा सीन 'न थांबणाऱ्या हातांचा' आहे हे मला सकाळी सात वाजता दिसलं होतं, आणि ते मी कुणालाही सांगितलं नाही. कॅमेरामनना सांगितलं असतं तर सव्वासातला तेच म्हणाले असते, मग कॅमेरा हलवायचा कशाला? बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी तो क्षण दिवसभर जपून ठेवला असता. मी सगळ्यांना शॉट सांगितला, सीन सांगितलाच नाही.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, ती आजही आहे. स्क्रिप्टच्या डाव्या कोऱ्या पानावर प्रत्येक सीनसाठी एकच ओळ लिहायची. हा सीन कुणाचा, आणि तो माणूस काय घेऊन आत येतो, काय घेऊन बाहेर पडतो. लेन्स, हालचाल, संगीत, काही लिहायचं नाही. ही ओळ लिहिता येत नसेल तर सीन अजून लिहून झालेला नाही, किंवा त्याची गरज नाही. सेटवर पोचल्यावर पहिली ती ओळ सांगायची: आधी नटांना, मग कॅमेरामनला, मग कला दिग्दर्शकाला.

तुझ्याच सीनवर करून बघू. बाई दारात थांबते, आत येत नाही. का?

एक उत्तर असं असू शकतं: आत गेली तर चपला काढाव्या लागतील, आणि चपला काढल्या की ती पुन्हा या घरची झाली. तिला ते नकोय. दुसरं उत्तर: आत सासरे जेवायला बसलेत, ती आत गेली तर पान वाढण्याचं काम आपोआप तिच्याकडे येईल, आणि आज ती वाढणार नाही. तिसरं: तिला आत जायचंच आहे, पण कुणीतरी 'ये' म्हणावं म्हणून ती थांबलीय.

आता बघ. पहिल्या उत्तरात कॅमेरा जमिनीलगत, उंबरा आणि पावलांपाशी जातो. दुसऱ्यात तो घरात येतो, जेवणाऱ्याच्या पाठीमागून दाराकडे बघतो, आणि ती लांब, छोटी दिसते. तिसऱ्यात तिच्या चेहऱ्याइतकंच घरातल्यांचं गप्प राहणं दाखवावं लागतं. तिन्ही ठिकाणी प्रकाश वेगळा, तिचं उभं राहणं वेगळं, हातातली पिशवी धरण्याची रीतसुद्धा वेगळी. लेन्सचं नाव न घेता कॅमेऱ्याची जागा ठरली. दादांना 25 वर्षांत लेन्स पाठ झाल्या आहेत. पण ती दारात का थांबते हे तू सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं? मग ते जे सुंदर दिसतं ते घेतात. तुझे रशेस सुंदर आहेत ते त्यामुळेच.

आणि उत्तर सुचत नसेल तर? सुचत नाही असं कितीतरी वेळा होतं. मला आजही होतं. तेव्हा म्हणायचं, "मला आत्ता माहीत नाही. दहा मिनिटं द्या, आपण दोघं बाजूला बसू." एवढं ऐकून कुठलाही चांगला नट दुखावत नाही, उलट जवळ येतो. 'तुम्हाला वाटेल तसं करा' या शब्दांत तुला मोकळीक द्यायची असेल, पण त्यांना त्यातून ऐकू आलं ते असं: या सीनमध्ये तुम्ही एकट्या आहात. म्हणून त्या गप्प झाल्या. त्या नाराज असण्यापेक्षा सावध झाल्या असाव्यात. नट सावध झाला की काम बिनचूक होतं आणि त्यात जीव राहत नाही. रशेसमध्ये चौथ्या दिवसाच्या आधीचं आणि नंतरचं त्यांचं काम शेजारी शेजारी लावून बघ, तुला फरक दिसेल.

प्रश्न बंद होणं फक्त नटांच्या बाबतीत घडत नाही. दुसऱ्या सिनेमात मी एका मुलीला, सर्वांत धाकट्या असिस्टंटला, सगळ्या युनिटसमोर ओरडले होते. कारण क्षुल्लक, कळशीची जागा बदलली होती. त्यानंतर तीन दिवस सेट अतिशय शिस्तीत चालला आणि मला वाटलं, आता बसली घडी. एडिटला बसल्यावर कळलं की त्या तीन दिवसांतल्या चार शॉटमध्ये नायिकेच्या गळ्यात मंगळसूत्रच नाही. मी त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मला दिसलं होतं, पण तुम्ही रागावाल म्हणून बोलले नाही." सीनचा एक भाग कापावा लागला, तो सीन लंगडाच राहिला. त्या मुलीची मी माफी मागितली. ती आता स्वतः सिनेमे करते, आणि तिच्या सेटवर स्पॉट दादासुद्धा "मॅडम, मागे डबा राहिलाय" असं बिनधास्त सांगतो. 'युनिटवर वचक कसा बसवायचा' हे तू पत्रात विचारलेलं नाहीस, याचा मला आनंद झाला.

आता मालिकांबद्दल. तू ते थोडं खालच्या आवाजात लिहिलंयस असं मला वाटलं. त्याची गरज नाही. रोजचा भाग वेळेत जावा म्हणून तिथे जी मेहनत असते ती मी जवळून पाहिली आहे, आणि दिवस ठरल्यासारखा संपवण्याचं जे शिक्षण तुला मिळालं ते माझ्याकडे पहिल्या सिनेमाच्या वेळी नव्हतं. पण तिथली एक सवय तुझ्याबरोबर आली आहे: सगळं कव्हर करायचं. मास्टर म्हणजे सगळा सीन एकत्र, मग खांद्यावरून घेतलेले ओव्हर द शोल्डर, मग दोन्हीकडचे क्लोज, मग रिअ‍ॅक्शन, बाकी एडिटमध्ये बघू. मालिकेत ते बरोबर आहे, कारण लिहिलेली पानं कधी कधी त्याच सकाळी येतात. सिनेमात मात्र त्यामुळे निर्णय पुढे ढकलला जातो, आणि एका हळव्या क्षणासाठी नटाला तीच गोष्ट नऊ वेळा करावी लागते. निगेटिव्हच्या काळात फूट मोजावे लागत म्हणून तालीम भरपूर व्हायची आणि टेक कमी. आता डिजिटल कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड स्वस्त झालं तशी तालीमच गेली. ती परत आण. रोज सकाळी पहिली पंधरा मिनिटं सेटवर फक्त तू आणि नट. दादा कोपऱ्यात उभे राहून बघतील, बोलणार नाहीत. ते संपल्यावर तू आणि दादा. कॅमेरा त्यानंतर बॉक्समधून निघेल. प्रॉडक्शनवाले कुरकुरतील. तरी हे सोडू नकोस. दुपारपर्यंत तो वेळ भरून निघतो, कारण निम्मे शॉट लागतच नाहीत.

कॅमेरामन आणि दिग्दर्शकाच्या नात्याबद्दल मला नेहमी सत्यजित राय आणि त्यांचे कॅमेरामन सुब्रत मित्र आठवतात. 1952 साली 'पथेर पांचाली'चं शूटिंग सुरू झालं तेव्हा मित्र जेमतेम विशी ओलांडलेले होते आणि त्यांनी त्याआधी कधी मूव्ही कॅमेरा हाताळलेला नव्हता. रायांचाही पहिलाच सिनेमा. पूर्ण लिहिलेली पटकथा नव्हती, पण रायांची चित्रांची वही होती. कॅमेऱ्याचं ज्ञान दोघांनाही जेमतेम, पण काय दिसायला हवं हे एकाला नक्की ठाऊक होतं. पुढे 'अपराजितो'च्या वेळी बनारसच्या घराचं अंगण कोलकात्यात स्टुडिओत उभारायचं ठरलं. मित्रांचा त्याला विरोध होता. वरून झिरपणारा, सावली नसलेला तो उजेड स्टुडिओत मिळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं ऐकलं गेलं नाही. तेव्हा त्यांनी सेटवर आभाळाच्या जागी पांढरं कापड ताणलं आणि खालून दिवे त्यावर टाकून परतणारा उजेड वापरला. आज बाउन्स लाइट म्हणून जे सर्रास केलं जातं, ते त्यांनी 1956 साली असं शोधून काढलं. तुझ्या आणि दादांच्या मध्ये मतभेद होतील याची भीती बाळगू नकोस. घर कसं आहे हे दोघांना नक्की माहीत असेल तर मतभेदातून चांगलंच निघतं. तुमच्यात मतभेद झालेच नाहीत, मला काळजी त्याची वाटते.

त्यामुळे या महिन्यात एक दिवस दादांच्या घरी जा. शेड्यूलचा कागद नेऊ नकोस. दुसऱ्या सिनेमांचे फोटो दाखवून 'असं हवंय' असंही म्हणू नकोस. साधं सांग: "पहिल्या शेड्यूलमध्ये मी तुम्हाला सीन सांगितला नाही, नुसता होकार दिला. आता सांगतो." आणि उरलेल्या प्रत्येक सीनची ती एक ओळ वाचून दाखव. एवढं करूनही त्यांनी ऐकलं नाही, तर मला पुन्हा लिही, मग बदलण्याचा विचार करू. आज तो प्रश्नच येत नाही, कारण त्यांना अजून काही सांगितलंच गेलेलं नाही.

त्याआधी एडिटरबरोबर बसून 11 दिवसांचा रफ कट, म्हणजे सीन ओळीने जोडलेली कच्ची प्रत, लावून घे. संगीत घालू नकोस, मामांना दाखवू नकोस. नुसता बघ आणि जिथे तुला शूटिंगचा विसर पडला त्या जागा टिपून ठेव. थोड्याच असतील, पण तुझा सिनेमा तिथे आहे. शक्यता आहे की उरलेल्या पानांमधले काही सीन आता नकोत, कारण एखाद्या नजरेतच ते होऊन गेलं असेल. ते आत्ताच कागदावर काप. डिसेंबरात तुमच्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाला मावळतो. सप्टेंबरअखेरपेक्षा रोज तासभर उजेड कमी. तेवढ्याच दिवसांत तेवढीच पानं बसणार नाहीत, हे कॉल शीट, म्हणजे रोजच्या शूटिंगचं वेळापत्रक, करणाऱ्याला आधी सांग.

आणि ऊस! पत्रात तू तो सहज लिहिलायस, पण मी वाचून दचकले. रायांनी काशफुलांच्या शेतातलं शूटिंग अर्धं केलं आणि आठवड्याने परत गेले, तर जनावरांनी फुलं खाऊन टाकली होती. उरलेल्या भागासाठी त्यांनी पुढच्या वर्षीच्या मोसमाची वाट पाहिली. तुझ्या घराच्या कडेचा ऊस सप्टेंबरमध्ये हिरवागार, पुरुषभर उंच उभा असेल. डिसेंबरमध्ये कारखाने सुरू झालेले असतील. तोडीची चिठ्ठी आली आणि टोळी फडात उतरली, की दोन-तीन दिवसांत तुझ्या चौकटीमागे मोकळं रान दिसेल. आणि तोड नाही झाली तरी उसाला तुरे आले असतील, बांधावरचं गवत वाळून पिवळं पडलं असेल. कुठले बाहेरचे सीन अर्धे राहिलेत ते आज बघ. फड ज्यांचा आहे त्यांच्याशी बोल. तोड पुढे ढकलली तर त्यांचं नुकसान होऊ शकतं, ते भरून देण्याची तयारी ठेवून बोल. नाहीच जमलं तर तोच मोकळा फड कथेत घेता येईल का ते बघ. दारात थांबलेल्या बाईच्या मागचा ऊस गेलेला असणं, यातही काहीतरी आहे.

आवाजाची चौकशीही आत्ताच कर. आमच्या पहिल्या सिनेमाच्या रेकीला, म्हणजे जागा पाहायला, आम्ही गेलो त्या दिवशी गावात वीज नव्हती. वाडा शांत, पाखरांचे आवाज, आम्ही खूश. शूटिंगच्या दिवशी वीज होती आणि भिंतीपलीकडे पिठाची गिरणी होती. बराचसा आवाज वाया गेला, डबिंग करावं लागलं, आणि ते आठ महिन्यांनी झालं. तोवर सिनेमात काम करणाऱ्या आमच्या 13 वर्षांच्या बालनटाचा आवाज फुटला होता. दुसऱ्या मुलाच्या आवाजात ते सीन करावे लागले. त्या पोराने सेटवर जे दिलं होतं ते कुणालाच कधी ऐकायला मिळणार नाही, याची मला आजही खंत आहे. तुझ्या सिनेमात लहान मुलं असतील तर त्यांचं डबिंग शेड्यूल संपताच करून घे. आणि डिसेंबरात त्या रस्त्याने दिवसरात्र उसाचे ट्रॅक्टर जातील, गाणी लावून. हे साउंडवाल्याला आधी कळव.

आता तुझा शेवटचा प्रश्न. हे काम तुला जमेल का, हे 11 दिवसांवरून मी सांगू शकत नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. एवढं सांगते की हे काम अंगात घेऊन कुणी जन्माला येत नाही. 'प्रभात' फिल्म कंपनीत विष्णुपंत दामले ध्वनी सांभाळत आणि फत्तेलाल कला दिग्दर्शन. दोघंही बाबूराव पेंटरांच्या हाताखाली राबून शिकलेले. त्या दोघांनी मिळून 1936 मध्ये 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. तो पुन्हा बघ, पण या वेळी फक्त जिजाईकडे बघ. चूल, पोरं, म्हैस, तिचे हात सतत कशात तरी गुंतलेले आहेत. भक्तीच्या सिनेमात घर कसं चालतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि म्हणून तुकाराम खरा वाटतो.

तुझ्याकडे महिना आहे. दादांकडे जाण्याआधी, एडिटला बसण्याआधी, त्या बाईंना फोन कर. सारवासारव करू नकोस. चौथ्या दिवशी तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, एवढं म्हण. मग ती दारात का थांबते, याबद्दल तुला जे वाटतं ते सांग, आणि त्यांना काय वाटतं ते विचार. तो सीन शूट होऊन गेला असला तरी सांग. डिसेंबरात त्याच बाईला घरात शिरायचं असेल, किंवा परत फिरायचं असेल, आणि ते या उत्तरावर ठरणार आहे. त्या कदाचित थोडा वेळ काही बोलणार नाहीत. फोन ठेवू नकोस, थांब. त्या काहीतरी विचारतील.

तुझी,
ताई